संस्थेची संशोधनपत्रिका आणि बाहेरचा प्रकाशक: प्रस्ताव मागवण्यापासून करारापर्यंतचे टप्पे

वैज्ञानिक संस्थेची संशोधनपत्रिका बहुधा दोन-चार माणसांच्या चिकाटीवर चालते. संपादक विनामोबदला काम करतात, मुद्रितशोधन सुट्टीच्या दिवशी उरकले जाते, वर्गणीदारांची यादी खजिनदारांच्या संगणकात असते, आणि कधीतरी हे ओझे पेलेनासे होते. मग कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी सुचवते की पत्रिका एखाद्या प्रकाशकाच्या सहकार्याने काढावी. आमच्या संस्थेत हा विषय निघाला तेव्हा प्रकाशन समितीची सदस्य या नात्याने मी प्रस्ताव मागवण्यापासून करारावर सही होईपर्यंतच्या कामात सहभागी होते. ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बहुतेक समित्या प्रस्ताव हातात आला की प्रथम रॉयल्टीचा आकडा पाहतात. तुम्ही प्रथम कराराचे शेवटचे पान पाहा. सहकार्य संपेल त्या दिवशी पत्रिकेचे नाव, जुने अंक, वर्गणीदारांची माहिती आणि संपादकीय नोंदी कोणाच्या हाती असतील, याचे उत्तर समाधानकारक असेल तरच बाकीच्या चर्चेला अर्थ आहे.

१. प्रकाशक नेमका कशासाठी हवा, ते ठरवा

प्रकाशक अनेक कामे करतो: भाषासंपादन, अक्षरजुळणी, संकेतस्थळ चालवणे, ग्रंथालयांना विक्री, निर्देशसूचींमध्ये (संशोधनपत्रिका आणि त्यांतले लेख नोंदवणाऱ्या सूचींमध्ये) नोंदणी, वाङ्मयचौर्याची तपासणी, डिजिटल जतन. यांतली कोणती कामे तुमच्याकडे अडली आहेत, याची यादी करा. अडचण फक्त तांत्रिक असेल, तर ओपन जर्नल सिस्टिम्ससारखी मुक्त स्रोत प्रणाली वापरून आणि उत्पादनाचे काम मोबदला देऊन बाहेर करून घेऊन संस्था स्वतःच प्रकाशक राहू शकते. अडचण विक्रीची आणि जागतिक पोहोचीची असेल, तर मात्र मोठ्या प्रकाशकाच्या ग्रंथालय-करारांना पर्याय मिळणे कठीण असते. विद्यापीठीय मुद्रणालये, व्यावसायिक प्रकाशक आणि ना-नफा सेवासंस्था यांच्या बलस्थानांत फरक आहे, म्हणून ही यादी तयार होईपर्यंत कोणाशीही बोलणी सुरू करू नका.

संपादकांना या चर्चेत पहिल्या दिवसापासून घ्या. कार्यकारिणीने परस्पर निर्णय घेतला आणि संपादकांना तो नंतर कळला, तर पत्रिकेचा कणाच दुखावतो.

२. मालकी कागदावर सिद्ध करा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. ‘पत्रिका आमचीच आहे’ ही समजूत आणि कागदोपत्री मालकी यांत बरेच अंतर असू शकते. पत्रिकेची मालकी म्हणजे एकच वस्तू नसते. तिचे अनेक घटक असतात आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतात.

पहिला घटक नाव. पत्रिकेचे नाव संस्थेच्या नावे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेले आहे का, हे पाहा आणि नसेल तर बोलणी सुरू होण्यापूर्वी अर्ज करा. नावाचे महत्त्व किती, हे दोन उदाहरणांवरून कळते. २०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या पत्रिकेच्या संपादकांनी आणि संपादक मंडळाने सामूहिक राजीनामे दिले. नाव एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या मालकीचे असल्यामुळे त्यांना ‘ग्लोसा’ या नव्या नावाने पत्रिका काढावी लागली. २०१९ मध्ये ‘जर्नल ऑफ इन्फॉर्मेट्रिक्स’च्या संपादक मंडळाने त्याच प्रकाशकाकडे राजीनामे दिले आणि ‘क्वांटिटेटिव्ह सायन्स स्टडीज’ ही नवी पत्रिका सुरू केली. दोन्ही वेळा माणसे गेली, विद्वत्ता गेली, पण जुने नाव जिथल्या तिथे राहिले. नवे नाव घेतले की नवा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) घ्यावा लागतो, निर्देशसूचींमध्ये पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते आणि जुन्या नावाच्या खात्यावर जमा झालेली उद्धरणे (इतर लेखांत आलेले तिचे संदर्भ) नव्या पत्रिकेला मिळत नाहीत. तरुण संशोधकांना बढतीसाठी निर्देशसूचीतली पत्रिका लागते, त्यामुळे मधल्या वर्षांत चांगले लेख येणे कमी होते. नाव संस्थेचे असेल तर यांतले काहीच सोसावे लागत नाही. प्रकाशक बदलतो, पत्रिका तीच राहते.

दुसरा घटक इंटरनेटवरचा पत्ता. पत्रिकेचे डोमेन कोणाच्या नावे नोंदलेले आहे आणि त्याच्या नूतनीकरणाची सूचना कोणाच्या ईमेलवर जाते, हे तपासा. पूर्वीच्या एखाद्या संपादकाच्या वैयक्तिक खात्यावर ते नोंदलेले असेल, तर आताच संस्थेच्या नावे करून घ्या.

तिसरा घटक जुन्या अंकांचा कॉपीराइट. लेखकांनी तो संस्थेला दिला होता का, लेखी दिला होता का, की फक्त छापण्याची परवानगी दिली होती, हे दशकागणिक बदललेले आढळते. जुन्या अंकांचे डिजिटायझेशन प्रकाशक करणार असेल, तर त्याला ही माहिती लागेलच. ज्या काळातले कागद सापडत नाहीत, त्या काळाबद्दल संस्थेने करारात कोणतीही खात्री देऊ नये.

३. कागदपत्रे एकत्र करा

प्रस्ताव मागवण्याआधी पुढील गोष्टी एका ठिकाणी असाव्यात:

— संस्थेची घटना किंवा नियमावली, आणि असा करार करण्याचा अधिकार कोणाला आहे हे दाखवणारा ठराव
— आयएसएसएन नोंदणीचे कागद. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे असतात
— सध्याचा प्रकाशक किंवा मुद्रक असल्यास त्याच्याशी झालेला करार, सर्व पुरवण्यांसह
— मागील पाच वर्षांचे पत्रिकेचे उत्पन्न आणि खर्च, शक्य तर बाबवार
— याच काळात आलेले, स्वीकारलेले आणि नाकारलेले लेख, तसेच लेख येण्यापासून निर्णयापर्यंत लागलेला सरासरी कालावधी
— वर्गणीदारांची यादी: संस्थात्मक, वैयक्तिक आणि सभासद वेगवेगळे
— संकेतस्थळाच्या वापराची आकडेवारी. ती काउंटर या ऑनलाइन वापर मोजण्याच्या मानकानुसार असेल तर उत्तम
— जुन्या अंकांच्या फायली. केवळ पीडीएफ आहेत की एक्सएमएलही (संगणकाला मजकुराची रचना कळेल असे स्वरूप) आहे, याच्या नोंदीसह
— लेखकांकडून घेतल्या जाणाऱ्या परवानापत्राचा नमुना
— संपादकांच्या नेमणुकीची पत्रे आणि त्यांची मुदत

आकडे सजवू नका. अनुभवी प्रकाशकाला तुमच्या पत्रिकेची उद्धरणे आणि तिचा प्रसार बाहेरूनही दिसतो, आणि एकदा विसंगती आढळली की पुढच्या प्रत्येक विधानाकडे तो संशयाने पाहतो.

४. वेळापत्रक उलट्या दिशेने मांडा

ग्रंथालयांच्या वर्गण्या साधारणपणे कॅलेंडर वर्षानुसार चालतात, म्हणून नवी व्यवस्था बहुतेक वेळा १ जानेवारीला सुरू होते. त्या वर्षाच्या किमती वर्गणी-प्रतिनिधींना (ग्रंथालयांच्या वतीने वर्गण्या भरणाऱ्या मध्यस्थांना) आदल्या वर्षाच्या मध्यावरच कळवाव्या लागतात, म्हणजे करारावर सही त्याआधी व्हायला हवी. प्रस्ताव मागवणे, मुलाखती, वाटाघाटी आणि वकिलाचे परीक्षण यांत वर्ष सहज जाते. जुना प्रकाशक असेल तर त्याला द्यायच्या नोटिशीचा काळ त्याहून वेगळा. म्हणून १ जानेवारीच्या दीड ते दोन वर्षे आधी कामाला लागा. घाईत असलेल्या संस्थेला वाटाघाटीत जोर राहत नाही आणि समोरच्याला ते लगेच कळते.

५. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्या

प्रस्तावाच्या मागणीचे एक लेखी टिपण तयार करा आणि ते किमान तीन-चार प्रकाशकांना एकाच दिवशी पाठवा. त्यात पत्रिकेचा परिचय, वरील आकडेवारी, संस्थेच्या अपेक्षा, बदलता न येणाऱ्या अटी आणि उत्तराची अंतिम तारीख असावी. आकडेवारी देण्यापूर्वी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या.

उत्तरे कोणत्या स्वरूपात हवीत, हे तुम्हीच ठरवून द्या. तसे न केल्यास प्रत्येक प्रकाशक आपापल्या सोयीची रंगीत सादरीकरणे पाठवतो आणि तुलना अशक्य होते. आर्थिक अंदाज सर्वांकडून समान वर्षांचे, समान लेखसंख्येवर आधारलेले आणि खर्चाच्या समान बाबींसह मागा. त्यासोबत हेही विचारा की तुमच्या विषयातल्या किती पत्रिका ते काढतात, मागील पाच वर्षांत किती संस्था त्यांना सोडून गेल्या, आणि त्यांच्यापैकी कोणाशी तुम्हाला बोलता येईल. सोडून गेलेल्या संस्थेशी तासभर बोलल्यावर जे कळते, ते कोणत्याही सादरीकरणात सापडत नाही.

मुलाखतीला विक्री विभागातील माणसांबरोबर तुमच्या पत्रिकेचे दैनंदिन काम प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्तीही हजर असावी, असा आग्रह धरा. पुढची अनेक वर्षे संपादकांचा संबंध तिच्याशीच येणार आहे.

६. पैशांचे प्रारूप समजून घ्या

मुख्य प्रकार तीन. रॉयल्टी पद्धतीत एकूण उत्पन्नाचा ठरावीक टक्का संस्थेला मिळतो आणि खर्चाचा धोका प्रकाशकाचा असतो. नफावाटप पद्धतीत खर्च वजा जाता उरलेली रक्कम वाटली जाते. सेवाशुल्क पद्धतीत संस्था प्रकाशकाला कामाचे पैसे देते आणि उत्पन्न स्वतःकडे ठेवते.

टक्क्यांच्या आकड्याने भुलू नका. समजा उत्पन्न १०० आहे. २० टक्के रॉयल्टीत संस्थेला २० मिळतील. ५० टक्के नफावाटप ऐकायला भरघोस वाटते, पण खर्च ७० दाखवला तर शिल्लक ३० आणि संस्थेचा वाटा १५. त्या खर्चात प्रकाशकाने आपल्या कार्यालयीन खर्चाचा हिस्सा घालून तो ८५ वर नेला, तर हाती येतात साडेसात. म्हणून नफावाटप स्वीकारायचे असेल तर कोणता खर्च धरायचा, त्यात दरवर्षी किती वाढ चालेल आणि हिशेब तपासण्याचा अधिकार संस्थेला कसा असेल, हे करारातच लिहून घ्या. रॉयल्टीतही ‘एकूण’ आणि ‘निव्वळ’ या दोन शब्दांची व्याख्या करारात असायला हवी.

दुसरा कळीचा मुद्दा म्हणजे एकत्रित विक्री. ग्रंथालये हल्ली सुटी पत्रिका क्वचितच घेतात. ती प्रकाशकाच्या शेकडो पत्रिकांचा संच घेतात. त्या एका रकमेतून तुमच्या पत्रिकेच्या वाट्याला किती येणार, हे कोणत्या सूत्राने ठरते? वापरावर, जुन्या वर्गणीवर, की लेखसंख्येवर? हे सूत्र लेखी मागा. संस्थेला किमान हमी-रक्कम मिळावी आणि संपादकीय कार्यालयासाठीची मदत रॉयल्टीहून वेगळी धरावी, असेही सांगा. सही करताना मिळणारी एकरकमी रक्कम आकर्षक असते, पण ती पुढच्या रॉयल्टीतून वळती होणार का, आणि करार लवकर संपल्यास परत द्यावी लागणार का, हे वाचल्याशिवाय तिचा विचार करू नका.

ओपन ॲक्सेसचा, म्हणजे लेख सर्वांना मोफत वाचायला खुले ठेवण्याचा, विचार याच टप्प्यावर करावा लागतो. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये युरोपातील संशोधन-निधी देणाऱ्या संस्थांनी, आपल्या निधीतून झालेले संशोधन ओपन ॲक्सेस असावे अशी अट घालणारा ‘प्लॅन एस’ जाहीर केल्यापासून वर्गणीवरचे उत्पन्न आज आहे तसे दहा वर्षांनी राहील, असे गृहीत धरता येत नाही. पत्रिका करारकाळात ओपन ॲक्सेस करायची झाल्यास निर्णय कोणाचा, लेखकांकडून घ्यायचे शुल्क कोण ठरवणार, ज्यांना ते परवडत नाही त्यांना सवलत कशी, आणि लेखांचा परवाना कोणता, ही कलमे आजच हवीत. शुल्कावर चालणाऱ्या पत्रिकेत लेखांची संख्या वाढली की उत्पन्न वाढते, त्यामुळे संख्या वाढवण्याचा दबाव येतो. तो कुठवर जाऊ शकतो, हे हिंदावी या ओपन ॲक्सेस प्रकाशन कंपनीच्या उदाहरणाने दाखवून दिले. वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये ही कंपनी घेतली, विशेषांकांच्या वाटेने बनावट लेख मोठ्या प्रमाणावर शिरल्याचे उघड झाले, २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले आणि अखेर ते नावच बंद करण्याचा निर्णय झाला. तुमच्या करारात वार्षिक लेखसंख्येचे लक्ष्य असेल तर ते काढून टाका, आणि विशेषांकांना मुख्य संपादकाची लेखी संमती आवश्यक करा.

७. करार ओळीओळीने वाचा

प्रकाशन-करार हाताळलेला वकील शोधा. सर्वसाधारण व्यापारी करार करणाऱ्याला यातले बारकावे ठाऊक असतीलच असे नाही. पुढील कलमांवर समितीने स्वतःही वेळ द्यावा.

मुदत: पाच ते सात वर्षांचे करार नेहमीचे आहेत. आपोआप नूतनीकरणाचे कलम शक्यतो काढा. राहणारच असेल तर नूतनीकरण एका वेळी एक-दोन वर्षांचेच असू द्या.

संपादकीय स्वातंत्र्य: मुख्य संपादकाची नेमणूक संस्था करेल आणि लेख स्वीकारण्या-नाकारण्याचा अधिकार फक्त संपादकांचा असेल, असे स्पष्ट लिहा. हे कलम संस्थेलाही बांधून ठेवते आणि तसेच असावे. १९९९ च्या जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या ‘जामा’ या पत्रिकेचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना एका लेखाच्या प्रकाशनावरून दूर केले, तेव्हा हस्तक्षेप प्रकाशकाचा नव्हता, मालक संस्थेचा होता.

मालकीत बदल: प्रकाशन कंपन्या विकल्या जातात. ब्लॅकवेल २००७ मध्ये वायलीत विलीन झाली. २०१५ मध्ये स्प्रिंगर नेचर एका विलीनीकरणातून उभी राहिली. आपण ज्यांच्याशी करार केला ते दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तर संस्थेला दंडाशिवाय बाहेर पडता यावे.

कृत्रिम बुद्धिमत्ता: जुन्या करारांत हे कलम नव्हतेच. २०२४ मध्ये टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकाची मूळ कंपनी इन्फॉर्मा हिने मायक्रोसॉफ्टला कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आपला मजकूर वापरू देण्याचा करार जाहीर केला, तेव्हा अनेक लेखकांना ही गोष्ट बातम्यांतूनच कळली. तुमच्या पत्रिकेतील लेख असे वापरायला देण्यापूर्वी संस्थेची लेखी संमती लागेल आणि त्यातून येणाऱ्या रकमेत संस्थेचा वाटा असेल, असे लिहून घ्या. ‘इतर सर्व माध्यमे’ किंवा ‘आज ज्ञात नसलेले तंत्रज्ञान’ असे मोघम शब्द आढळले की तिथे थांबा.

सभासदांची माहिती: सभासदांचे ईमेल पत्रिका पाठवण्यासाठी दिले जातील, जाहिरातीसाठी नाही.

करार संपल्यावरचे कलम: हे समितीने स्वतः लिहून द्यावे. नाव, डोमेन, सर्व वर्षांच्या एक्सएमएल आणि पीडीएफ फायली, वर्गणीदारांची माहिती, परीक्षकांची यादी, प्रक्रियेत असलेले लेख आणि त्यांचा पत्रव्यवहार, समाजमाध्यमांवरची खाती: हे सर्व किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात आणि कोणतेही शुल्क न घेता परत दिले जाईल, असे एकेक नाव घेऊन लिहा. ‘वाजवी सहकार्य केले जाईल’ एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका. एक्सएमएल फायली जेट्स या संशोधन-लेखांसाठीच्या मानकानुसार असतील, असेही नमूद करा. तसे असेल तर पुढच्या प्रकाशकाला त्या थेट वापरता येतात.

८. हस्तांतराचे काम

पत्रिका आधीच एखाद्या प्रकाशकाकडे असेल, तर जुना आणि नवा असे दोघेही ‘ट्रान्सफर’ ही पत्रिका-हस्तांतराची आचारसंहिता पाळतात का, ते विचारा. जुन्या प्रकाशकाने फायली व वर्गणीदारांची माहिती कशी द्यावी, ग्रंथालयांनी पैसे मोजलेल्या अंकांचा कायमचा प्रवेश कसा राखावा, जुन्या पत्त्यावर येणाऱ्या वाचकाला नव्या ठिकाणी कसे पाठवावे, हे सर्व तीत दिलेले आहे.

प्रत्येक लेखाचा डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) आहे तोच राहतो. क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे त्याची जबाबदारी नव्या प्रकाशकाच्या खात्यावर जाते आणि तो डीओआय कोणत्या पत्त्यावर नेतो, एवढेच बदलते. डीओआयच्या सुरुवातीला जुन्या प्रकाशकाची ओळख असलेले आकडे दिसत राहिले तरी बिघडत नाही. कोणी जुन्या लेखांना नवे डीओआय द्यायला सांगितले तर ठाम नकार द्या, कारण जगभरच्या संदर्भसूचींमधले दुवे जुन्या क्रमांकांवरच उभे आहेत.

परीक्षणाची प्रणाली बदलत असेल, तर एका ठरलेल्या तारखेनंतरचे सर्व नवे लेख नव्या प्रणालीत घ्या आणि आधीचे लेख जुन्या प्रणालीतच शेवटाला जाऊ द्या. अर्धवट परीक्षण झालेले लेख मधेच हलवल्यास परीक्षकांचे अभिप्राय हरवतात आणि लेखकांना नाहक महिनोन्‌महिने थांबावे लागते. लेखकांना आणि परीक्षकांना हा बदल मुख्य संपादकाच्या सहीने कळवा. पोर्टिको किंवा क्लॉक्ससारख्या जतनव्यवस्थेत जुने अंक खरोखर पोहोचले आहेत का, याची खातरजमा संस्थेने स्वतः करावी.

९. सही झाल्यानंतर

वर्षातून एकदा प्रकाशकाकडून लेखी अहवाल घ्या आणि तो कार्यकारिणीसमोर ठेवा: उत्पन्न, वापर, प्रकाशनाला लागलेला वेळ, मागे घेतलेले लेख, आलेल्या तक्रारी. सर्व फायलींची एक प्रत दरवर्षी मागून संस्थेच्या ताब्यातील साठ्यात ठेवा. नोटीस देण्याची अंतिम तारीख, आणि तिच्या एक वर्ष आधीची तारीख, संस्थेच्या कायमस्वरूपी नोंदवहीत लिहा; कार्यकारिणी बदलते तेव्हा नव्या सरचिटणीसांना द्यायच्या कागदांत ते पान वर लावून द्या.